आमच्या विहिरीचा नंबर

आमच्या विहिरीच्या कठड्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं एक नंबर लिहिलेला होता. त्याच्या शेजारी एक बाण, आणि बाणाच्या टोकाशी छिन्नीनं मारलेली बारीकशी खूण. लहानपणी मला वाटायचं, घराला असतो तसा प्रत्येक विहिरीला नंबर असतोच. चुलत आजोबांच्या विहिरीला नाही हे कळलं, तेव्हा आपली विहीर कुणीतरी विशेष आहे असं वाटून मी दोन दिवस शाळेत मिरवलो होतो.

ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. वर्षातून चार वेळा सरकारी खात्यातला एक माणूस यायचा. धावेवरच्या चिंचेखाली मोटारसायकल लावायचा, पिशवीतून टेप काढायचा, त्या खुणेवर धरून आत सोडायचा. खालून 'डुबुक' असा आवाज आला की टेप थोडा वर, थोडा खाली, मग वहीत एक आकडा. पाच मिनिटांचं काम. आजी त्याला चहा द्यायची आणि आजोबा दरवेळी तोच प्रश्न विचारायचे, "काय म्हणतीय विहीर?"

"ठीक आहे बाबा," तो म्हणायचा आणि पुढच्या गावाला निघून जायचा.

तो गेल्यावर आजोबांचं ठरलेलं वाक्य असे : "वैद्य नाडी बघतो, पण दुखणं सांगत नाही." त्यात राग नव्हता. मोठ्या माणसांच्या वहीत काय लिहिलेलं असतं ते आपण विचारायचं नसतं, हे त्यांच्या पिढीनं तलाठ्याच्या दप्तरापासून शिकून ठेवलं होतं. आणि तो माणूस तरी काय करणार? त्याचं काम मोजायचं होतं. सांगायचं काम कुणाला दिलंय, हे बहुधा त्यालाही ठाऊक नसावं.

पुष्कळ वर्षांनी मला कळलं, की महाराष्ट्रात अशा जवळपास चार हजार निरीक्षण विहिरी आहेत. राज्याचे दीड हजारांवर पाणलोट पाडलेले आहेत आणि या विहिरींच्या आकड्यांवरून कुठला पाणलोट 'सुरक्षित', कुठला 'अंशतः शोषित', कुठला 'अतिशोषित' ते ठरतं. त्या वर्गवारीवर योजना आखल्या जातात, विहिरींचं अनुदान कुठं द्यायचं आणि कुठं नाही तेही ठरतं. म्हणजे आमच्या विहिरीच्या डुबुक आवाजाचा थेट मंत्रालयापर्यंत रस्ता होता. फक्त आमच्या ओट्यापर्यंत नव्हता.

आमचं गाव नाशिक जिल्ह्याच्या पूर्व बाजूला, पावसाच्या सावलीत. इगतपुरीला पाऊस झोडपत असतो तेव्हा आमच्याकडं नुसतं आभाळ येतं आणि जातं. बाजरी, कांदा, अलीकडं डाळिंब. नव्वदच्या दशकात गावात बोअरच्या गाड्या यायला लागल्या. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेच्या त्या गाड्या, त्यांच्यावरचा मजकूर वाचता येत नसे, त्यातले पोरगे भात शिजवून खात आणि दिवसरात्र काम करत. पांढरा फुफाटा उडायचा, अख्खा मळा पिठाच्या गिरणीसारखा दिसायचा. फुफाटा ओला झाला की बघणाऱ्यांच्या तोंडून एकदमच आवाज निघायचा. आमच्या मळ्यात दोन्ही वेळा असा आवाज निघाला नाही. वडिलांनी पहिला बोअर घेतला तो तीनशे फुटांवर कोरडा गेला, दुसरा साडेचारशेवर. दुसऱ्याच्या वेळी आईच्या पाटल्या मोडल्या होत्या.

जागा कुणी दाखवली होती? पाणाड्यानं. तळहातावर नारळ आडवा धरून तो मळाभर फिरला आणि नारळ जिथं उभा राहिला तिथं त्यानं टाच रुतवली. तो पायाळू होता, आणि पायाळू माणसाला भुईखालचं दिसतं असं आमच्याकडं मानतात. शहरात शिकायला गेल्यावर मी या गोष्टीची भरपूर टवाळी केली. आता तितकी करवत नाही. नारळाला पाणी कळतं असं मला अजूनही वाटत नाही, पण पाणाड्या काय करायचा ते आठवतं. तो सकाळी यायचा, बांधावरची झाडं बघायचा, वारूळ कुठं आहे, उंबर कुठं आहे, शेजाऱ्याची विहीर किती परस खोल आहे, कुठल्या बाजूनं झरा लागला होता, सगळं विचारायचा. (वारूळ आणि झाडांवरून पाणी ओळखायची ही रीत वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही आहे, म्हणजे दीड हजार वर्षं जुनी.) मग आमच्याबरोबर भाकरी खायचा. बोअर फेल गेला तर चारचौघांत त्याची अब्रू जायची. टेपवाल्याकडं खरं ज्ञान होतं, पण तो बोलत नव्हता. पाणाड्याकडं नव्हतं, पण तो आमच्याशी बोलायचा. लाखभर रुपये भुईत घालायची वेळ आली की माणूस कुणाकडं जाईल?

जोतीराव फुल्यांना हे दिसलं होतं. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पुरा झाला. त्यात त्यांनी सरकारला सुचवलेल्या उपायांमध्ये एक असा आहे : राज्यातल्या जमिनी पाणाड्यांकडून तपासून घ्याव्यात, जिथं दोन मोटांहून जास्त पाणी लागेल त्या जागांच्या खुणा त्या त्या गावच्या नकाशावर कराव्यात. मला यातला 'गावच्या नकाशावर' हा भाग फार मोलाचा वाटतो. माहिती गोळा करा, एवढंच ते म्हणत नाहीत. ती जिथली आहे तिथं ठेवा म्हणतात.

आमच्या पायाखालचा दगड बेसॉल्ट. महाराष्ट्राची पाचातली चार हिस्से जमीन याच लाव्ह्याची, थरावर थर. गावातल्या विहीर खोदणाऱ्यांना हे थर नावानिशी ठाऊक होते : वर मुरूम, मग मांजऱ्या, मध्येच गेरूचा लाल पट्टा, आणि खाली काळा पाषाण. मुरूम आणि मांजऱ्या पाणी धरतात. पाषाण धरत नाही, त्याच्या भेगांत असेल तेवढंच. आपल्याकडचं बहुतेक भूजल वरच्या पंधरा-वीस मीटरांतच असतं. चारशे फुटांवर लागणारं पाणी म्हणजे एखादी चीर नशिबानं सापडणं, आणि ती चीर पुष्कळदा वरच्या विहिरींचंच पाणी खाली ओढून घेते. एकाच्या बोअरला दोन इंच पाणी लागलं आणि शेजारच्या तीन विहिरी बसल्या, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. त्याला आम्ही नशीब म्हणायचो. भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात त्याचं कारण दोन परिच्छेदांत दिलेलं असतं.

कायदे झाले नाहीत असं नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत विहीर-बोअर घेता येणार नाही, असं १९९३ च्या कायद्यातच होतं. तो लागू होता तेव्हा गावच्या सार्वजनिक विहिरीभोवती काय काय खोदलं गेलं ते मी मोजलं नाही, कारण मोजायला बसलो तर त्यात आमचे नातेवाईकच निघतील. मग विधिमंडळानं २००९ मध्ये मोठा कायदा केला. तो अंमलात आला १ जून २०१४ ला. कायदा वाचला तर वाईट नाही : पाणलोटाच्या समित्या, पीक नियोजन, खोल विहिरींवर बंधन. २०१८ मध्ये नियमांचा मसुदा आला आणि जनतेकडून हरकती-सूचना मागवल्या गेल्या. हरकती-सूचना! राजपत्रातल्या मराठीत लिहिलेला मजकूर, ठरावीक मुदत, लेखी पाठवायचं. आमच्या गावात तो मसुदा कुणी वाचला असेल तर मला त्याचा सत्कार करायचाय. गावात पोचलं ते एवढंच, की 'सरकार आता विहिरीवर कर लावणार'. व्हॉट्सॲपवर दोन दिवस संताप, मग कांद्याचे भाव पडले आणि तो विषय संपला.

याच्या उलटही पाहिलं, आणि ते मला जास्त अवघड जातं.

२०१५-१६ चा दुष्काळ आठवतो? लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. त्या दिवसांत गावोगाव नाला खोलीकरणाची लाट आली. आमच्या गावानंही लोकवर्गणी काढली. पुण्या-मुंबईच्या नोकरदार पोरांनी पैसे पाठवले, मीही पाठवले. जेसीबीला हार घातला, नारळ फोडला. पंधरा दिवस रात्रंदिवस यंत्र चाललं. लोकसहभाग म्हणतात तो हाच असेल तर त्याहून जास्त मी आयुष्यात पाहिलेला नाही. एरवी एकमेकांच्या बांधावरून न जाणारी भावकी तिथं एका ताटात जेवली. पहिल्या पावसात नाल्यात पाणी तुडुंब साठलं, त्याचे फोटो आम्ही वर्षभर एकमेकांना पाठवले.

खरं तर जेसीबीनं मुरूम आणि मांजऱ्या दोन्ही खरवडून काढले होते आणि नाला पाषाणापर्यंत नेला होता. जो थर पाणी मुरवतो तोच आम्ही ट्रॅक्टरनं उचलून रस्त्यावर पसरला. नाल्याकडेच्या विहिरींचं पाणी उलट नाल्यात पाझरायला लागलं आणि तिथून उन्हात उडून गेलं.

या प्रकाराची मुळं धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला आहेत. तिथं सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकानं नाले खोल-रुंद करून आणि साखळी बंधारे घालून खरोखर पाणी वाढवून दाखवलं. पण शिरपूर तालुका तापीच्या काठी आहे, आणि त्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत. तिथली भूमी वेगळी. फोटो मात्र सगळीकडं सारखाच दिसतो. 'शिरपूर पॅटर्न' हा शब्द गावोगाव गेला, त्याच्याखालचा गाळ मागंच राहिला. राज्य सरकारचं जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं तेव्हा दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायचं उद्दिष्ट होतं. नाल्यांच्या अशास्त्रीय खोलीकरणाबद्दल अभ्यासक बोलत होते, अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले, माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, की ९,६३३ कोटींवर खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही. योजनेच्या बाजूनं बोलणारेही पुष्कळ आहेत, आणि काही गावांत तिचा फायदा झालाच असणार, कारण दगड जागोजाग बदलतो. माझं म्हणणं फक्त आमच्या नाल्यापुरतं आहे. त्याच्या काठी आम्ही तीनशे माणसं उभी होतो, आणि त्यातल्या विहिरी खोदणाऱ्या म्हाताऱ्या गड्यालासुद्धा कुणी विचारलं नाही, की बाबा, कुठं थांबायचं?

नंतर पाण्याच्या नियोजनासाठी नावाजलेल्या हिवरे बाजारला जाऊन आलो. जायला फार उशीर केला. त्या गावावर इतकं लिहून झालंय की तिथं जाताना आपण देवस्थानाला चाललोय असं वाटतं आणि तेच मला नको होतं. पोपटराव पवार, ग्रामसभा, बोअरबंदी, ऊस-केळीला नकार, हे सगळं वाचलेलं होतं. मला बघायचा होता तो पर्जन्यमापक. तिथं पाऊस मोजतात आणि त्यावरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात : यंदा एवढं पडलं, एवढं मुरलं, पिण्याचं आणि जनावरांचं आधी बाजूला, उरलं त्यात रब्बीचं काय बसतं ते ठरवू. पाऊस कमी झाला त्या वर्षी गाव पिकं बदलतं. यात नवं विज्ञान काही नाही. आमच्या टेपवाल्याच्या वहीत हेच होतं. फरक एवढाच, की इथं वही भिंतीवर होती.

पुढं अटल भूजल योजना आली, सात राज्यांसाठी सहा हजार कोटींची, आणि तिच्यात गावानंच मोजायचं आणि गावानंच जल सुरक्षा आराखडा करायचा अशी अट होती. आमच्या भागातही ताळेबंदाचं वारं आलं. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसला आणि पहिल्याच पावसाला भांडण झालं. वरच्या आळीचे म्हणाले, तो कडुनिंबाच्या आडोशाला आहे, पाऊस कमी दाखवतो. खालच्या आळीचे म्हणाले, तुम्हाला जास्तच दाखवून घ्यायचाय म्हणजे कांदा लावायला मोकळे. दोन आठवडे पारावर दुसरा विषय नव्हता. शेवटी एका मास्तरांनी झाडापासून किती लांब ठेवायचा त्याचा नियम शोधून काढला, अंतर पावलांनी मोजून दाखवलं आणि मापक ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत गेला. त्यानंतर मात्र त्या आकड्यावर कुणी शंका घेतली नाही. गावात विज्ञान आलं ते मला वाटतं या भांडणातून आलं, प्रशिक्षणाच्या दिवशी वाटलेल्या घडीपत्रिकेतून नाही.

ग्रामसभेला मी मुद्दाम गेलो होतो. भूशास्त्र शिकलेली एक मुलगी आली होती, पंचविशीची. तिनं शाळेचा फळा मागवला. "गाव आठशे हेक्टरांचं धरू, पाऊस चारशे मिलिमीटर धरू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. किती झालं?" दहावीची पोरं आधी ओरडली : तीनशे वीस कोटी लिटर. सभेत समाधानाची लाट गेली. एवढं पाणी! मग तिनं सांगितलं, आपल्या दगडात यातला दहावा भाग मुरला तरी खूप. बत्तीस कोटी. उन्हाळ कांद्याला हेक्टरी साठ लाख लिटर धरा. भागा.

त्रेपन्न हेक्टर.

"आणि हे पिण्याचं एक थेंबही न काढता," ती म्हणाली. "हिशोब ढोबळ आहे, चुकला असेल तर सांगा."

कुणी बोलेना. गावात कांदा त्याच्या तिप्पट तरी असतो हे सगळ्यांना माहीत होतं. मग नाना उठले. "म्हंजे पोरी, आम्ही इतकी वर्षं पितोय कुठलं?"

"साठवणीतलं, नाना. आजोबांनी ठेवलेलं."

सभेच्या कडेला बायका बसल्या होत्या. त्यातली वस्तीवरची एक म्हणाली, "आमच्याकडं जमीन न्हाई. पिण्याचं आधी काढणार म्हणता ते बरं. पर ते येणार कुठून? यांच्याच हिरीतून ना? मार्चात यांनी मोटार बंद केली न्हाई तर तुमचा फळा घिऊन आम्ही काय करू?" त्या दिवसाचा सगळ्यात शास्त्रीय प्रश्न हाच होता असं माझं मत आहे, आणि त्याचं उत्तर फळ्यावर नव्हतं.

ठराव झाला. नवे बोअर नाहीत, कांदा ठिबकवर, पाच वर्षांची बोली. पुढं गाव सुजलाम सुफलाम झालं असं मला लिहायला आवडलं असतं. दुसऱ्याच वर्षी डिसेंबरात रात्री अकराला बोअरची गाडी आली. बोअरची गाडी ही चोरून करायची गोष्टच नाही, तिचा आवाज तीन गावं ऐकतात. सकाळी सगळ्यांना माहीत होतं की आमच्याच घरात, माझ्या चुलतभावानं, पाचशे फूट घेतला. त्याचा डाळिंबाचा बाग जळत होता, कर्ज होतं. मी त्याला फोन केला. "तुला पगार असतो," एवढंच तो म्हणाला. त्यावर मला काही सुचलं नाही. ग्रामसभेनं त्याला दंड केला नाही, पण पुढच्या सभेत भिंतीवरच्या ताळेबंदात त्याच्या बोअरची ओळ वाढवली, उपशाच्या आकड्यासकट. त्याला दंड परवडला असता असं तो नंतर मला म्हणाला.

परवा मे महिन्यात गावी होतो. कठड्यावरचा जुना नंबर आता जेमतेम ओळखू येतो, छिन्नीची खूण तेवढी शाबूत आहे. चुलतभावाची मुलगी, नववीतली, टेप घेऊन आली. शाळेतल्या चार पोरांकडं गावातल्या विहिरी वाटून दिल्यात, आमची तिच्याकडं. तिनं चप्पल काढली, कठड्यावर गुडघा टेकला, टेप सोडला. डुबुक. मी म्हटलं, "काय म्हणतीय विहीर?"

"साडेअकरा मीटर. गेल्या मे मध्ये साडेदहा होती, काका." वहीत लिहिलं, तारीख घातली. मग पलीकडं बोअरची मोटार चालू होती तिकडं एकदा बघितलं.

"पप्पांना तुम्ही काही बोलू नका हं," ती म्हणाली. "जेवताना मी सांगते."